इकडील सर्व क्षेम

फ्राउ केसलर, आमची घरमालकीण, टेलिफोनवर विश्वास ठेवत नाही. टेलिफोनवर माणसं हमखास खोटं बोलतात असं तिचं ठाम मत. त्यामुळे त्या सोमवारी सकाळी ती घरातल्या सपातांवरच कोट चढवून, चालत, माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हाच काहीतरी विपरीत घडलंय हे मी ओळखलं. बर्फ वितळून रस्त्यात राडा झाला होता, तिचे मोजे घोट्यापर्यंत भिजलेले. “हेर मोघे दार उघडत नव्हते,” ती म्हणाली, आणि जरा थांबून, “आल्झो, म्हणजे... मी उघडलं.” हातातली काचनळी स्टँडला नीट लावली, गॅस बंद केला, रजिस्टरात वेळसुद्धा लिहिली आणि मग निघाले. माणूस अशा वेळी काय वाट्टेल ते करतो. सदाशिव मोघे, या परमुलखातले माझे दहा वर्षांचे सोबती, पहाटे कधीतरी झोपेतच गेले होते. वय अवघं अडतीस. त्याला आता पाच आठवडे झाले.

जर्मनीत, कार्ल्सरूहेला मी छप्पन साली आले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला. मोघे त्याआधी वर्षभर आलेले, नद्यांच्या पाण्याचा अभ्यास करायला. फ्राउ केसलरच्या घरात ते तिसऱ्या मजल्यावर राहत, मी चौथ्यावर, छपराखालच्या खोलीत. पहिल्या दिवशी मी माझी ट्रंक जिन्यावरून ओढत नेत होते आणि हे गृहस्थ दारात उभं राहून नुसते बघत होते. मनात म्हटलं, काय मेला आगाऊ माणूस आहे, हात लावायला नको का! तेवढ्यात स्वच्छ पुणेरी आवाजात ते म्हणाले, “माफ करा, मला ओझं उचलायला मनाई आहे. पण तुमच्या ट्रंकेची डावी कडी निघायला आलीय, हे सांगू शकतो.” कडी खरंच निघायला आली होती. मी त्यांना मोघे म्हणत असे आणि ते मला बाई. दहा वर्षांत दोघांपैकी कुणीही यापुढे गेलं नाही. गावातली आपली चार मराठी मुलं चेष्टेने काय काय म्हणायची ते मला माहीत आहे. म्हणोत बापडी.

लहानपणी मोघ्यांना सांधे धरणारा ताप आला होता आणि त्यात हृदयाची एक झडप दुखावली. धावायचं नाही, खेळायचं नाही. क्रिकेटवर तर जीव. मग हे पोरगं पुण्यात मैदानाच्या कडेला धावा मांडायला बसू लागलं. पंधरा वर्षं मांडल्या. नुसत्या धावा नाहीत, कोण चेंडूवर उशिरा वाकतो, कोण कुठला गुडघा जपतो, सगळं वहीत. जर्मनीत क्रिकेट कुठलं असायला! पण युद्ध संपल्यापासून अमेरिकन सैन्य इथे ठाण मांडून बसलेलं. त्यांचं बघून जर्मन पोरंही बेसबॉल खेळू लागली होती. दर रविवारी एका फुटबॉलच्या मैदानावर हा खेळ चालायचा. मोघे पहिल्यांदा बघून आले आणि म्हणाले, “आपल्या विटीदांडूचं श्रीमंत घरात दत्तक गेलेलं भावंड आहे हो हे.” पुढच्या रविवारपासून वही घेऊन जायला लागले.

तिथे त्यांना डीटर दिसला. विशीतला उंच पोरगा, रेल्वेचे डबे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात लेथवर कामाला. घरदार पूर्वेकडे सोडून आलेलं निर्वासित कुटुंब, आई, बहीण आणि हा, एका खोलीत. लहानपणी अमेरिकन छावणीच्या कुंपणाला लोंबकळून तो हा खेळ शिकला होता. तो आउटफिल्डर होता, म्हणजे मैदानाच्या पार मागच्या अंगाला उभा राहणारा क्षेत्ररक्षक. अर्धा तास काही काम नाही, आणि मग एकदम चेंडू आभाळात, आणि याने जीव तोडून पळत जाऊन तो झेलायचा. झेलला की तिथून थेट, एका टप्प्यात, फलंदाजाच्या मागे बसलेल्या गड्याच्या हातात फेकायचा. डीटरची ती फेक मीही पाहिली आहे. मला खेळातलं ओ का ठो कळत नाही, पण ती फेक बघून मी हातातलं सँडविच खायचं विसरले होते. फक्त या पोराचं अंग त्याला साथ देईना. पहिल्या हंगामात मांडीमागचा स्नायू फाटला. दुसऱ्यात उलटा पळत मैदानाच्या लोखंडी कठड्यावर आदळला आणि गळपट्टीचं हाड मोडलं. ते जुळतंय तोच बोट चेचलं. संघातली पोरं त्याला ‘पोर्त्सेलान’ म्हणायची, चिनीमातीचा.

अमेरिकन छावणीतला एक सार्जंट डॉईल हौसेने या पोरांना शिकवायचा. त्याचा मामा तिकडे अमेरिकेत एका लहानशा गावच्या व्यावसायिक संघाचा कारभार बघे. मोठ्या संघांच्या खालचे, बसने गावोगाव फिरणारे, खेळाडू घडवणारे असे पुष्कळ संघ तिकडे असतात म्हणे. डीटरमध्ये काहीतरी आहे हे सार्जंटला कळत होतं, पण रविवारी त्याचा स्वतःचा सैन्यातला संघ बाहेरगावी खेळायचा. त्याने एकदा मोघ्यांची वही पाहिली, त्यातले आकडे आणि आकृत्या पाहिल्या, आणि सरळ सांगितलं, याच्यावर लक्ष ठेवा, कसा तयार होतोय, शरीर कसं आहे, ते महिन्याच्या महिन्याला लिहून द्या, मी मामाला धाडतो. अशा माणसाला तिकडे स्काउट म्हणतात. मोघे घरी आले ते हवेत. “बाई, जन्मभर कडेला बसलो त्याचं काही चीज झालं बघा!” इतके खूश मी त्यांना डॉक्टरेट मिळाली तेव्हाही पाहिलं नाही.

मग दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी आमची बैठक फ्राउ केसलरच्या स्वयंपाकघरात. पुरुषाच्या खोलीत बाईने जायचं नाही हा घराचा कायदा, म्हणून माझा टाइपरायटर खाली यायचा, आणि ती विणकाम घेऊन मध्ये पहारा द्यायला बसायची. मोघे मराठी वहीतून वाचत इंग्रजीत सांगायचे, मी टाइप करायची. त्यांची पद्धत जगावेगळी होती. म्हणायचे, “खेळाडू खेळताना बघू नये, खेळ संपल्यावर बघावा. खेळताना सगळेच सोंग आणतात.” बुटाची नाडी सोडायला तो कुठल्या पायावर वाकला, पिशवी कुठल्या खांद्याला लावली, पाण्याची बाटली कुठल्या हाताने तोंडाला लावली, हे सगळं वहीत असे. आणि लिहीत अगदी खरं. मांडी अजून भरलेली नाही, एक महिना पळवू नका. हाड जुळलंय, पण कठडा दिसला की पोरगा दोन पावलं आधी थांबतो. सार्जंट म्हणायचा, बाकीचे लोक नुसती स्तुती धाडतात, या माणसाच्या शब्दावर मामाचा विश्वास बसलाय. तो विश्वास बसला नसता तर किती बरं झालं असतं असं आता वाटतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात डीटर बहरला. एकही दुखापत नाही, सगळे झेल हातात. सार्जंटची बदली शरद ऋतूत होणार होती, त्यामुळे ऑगस्टचा अहवाल शेवटचा. मामाने कळवलं होतं, शरीर धड असेल तर वसंतात सरावाला पाठवा, तिकीट आम्ही देतो. नसेल तर राहू दे. डीटरला हे माहीत होतं. त्या एका खोलीतून बाहेर पडायची ही एकच वाट होती, आणि ती मोघ्यांच्या वहीतून जात होती.

आणि जुलैतच मोघ्यांच्या लक्षात आलं. डीटर आता लांबून थेट फेकत नव्हता, जवळच्या गड्याकडे हळूच चेंडू टाकत होता. सगळे म्हणाले, पोरगा डोक्याने खेळायला लागला. सार्जंटसुद्धा एकदा बघून तेच म्हणाला. मोघे मला म्हणाले, “डोकंबिकं काही नाही. सामना झाल्यावर तो केस डाव्या हाताने विंचरतो. गेल्या वर्षीपर्यंत उजव्याने विंचरायचा. खांदा गेलाय त्याचा.” पुढच्याच आठवड्यात त्यांनी डीटरला गाठून विचारलं. त्याने आधी कानावर हात ठेवले, मग कबूल केलं. लेथवर दिवसभर हात चालायचा, पण खांद्याच्या वर नेला की आतून कळ यायची, मार्चपासून. डॉक्टरकडे गेला नव्हता, कारण कारखान्यात कळलं असतं.

अहवालाच्या रविवारी तो आपण होऊन आमच्याकडे आला. स्वच्छ शर्ट, केस ओले करून चापून बसवलेले, स्वयंपाकघरात बसायला सांगितलं तरी उभाच. “हेर मोघे, हिवाळाभर मी हात हलवणार नाही,” तो म्हणाला. “सहा महिने आहेत. वसंतापर्यंत बरा होईल. तुम्ही फक्त एवढं एक लिहू नका. बाकी सगळं लिहा.” डीटर गेल्यावर मोघे वहीवर बोट फिरवत बसले, आणि मग सांगू लागले. धावणं उत्तम. नजर उत्तम. खांदा आणि हात निर्दोष. माझे हात थांबले. “मोघे, हे खरं नाही.”

“टाइप करा, बाई.”

“अहो पण तुमच्या वहीत...”

तेव्हा ते जरा चिडूनच म्हणाले, “मी दर पंधरवड्याला आईला काय लिहितो? इकडील सर्व क्षेम. तुम्ही घरी काय लिहिता? गेल्या हिवाळ्यात तुम्हाला न्यूमोनिया झाला होता, तीन आठवडे इस्पितळात होतात, तेव्हा काय लिहिलंत? सर्व क्षेम. कुणाचं वाईट झालं त्याने? पोरगं बरं होणार असेल तर आधीच ओरडा कशाला?” आम्ही दोघंही त्याच शाळेत शिकलेलो. लांबच्या माणसाला दुखणं कळवायचं नाही, उगाच जिवाला घोर, बरं झाल्यावर सांगू. आमच्या घरी तर आजोबा गेल्याचंही वडिलांना परगावी ‘प्रकृती गंभीर’ असंच कळवलं होतं. मी टाइप केलं. स्वच्छ, एकही खाडाखोड न करता.

मार्चमध्ये डीटर बोटीने गेला आणि जूनमध्ये परत आला. थंडीत, सरावाच्या दुसऱ्याच आठवड्यात, सगळ्यांसमोर आपली ती फेक दाखवायला गेला आणि खांद्यात काहीतरी कायमचं तुटलं. तिथल्या डॉक्टरने म्हणे विचारलं, आधीपासून दुखत होता हे कुणाला ठाऊक नव्हतं का? सहा आठवडे पूर्ण विश्रांती वेळेवर मिळाली असती तर हात वाचला असता. लेथ तर हिवाळाभर चालूच होता. आता उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि कामाचा जोरही त्यात राहिला नाही. लेथ सुटला. दोन वर्षं काहीच नव्हतं, मग एका गोदामाच्या फाटकावर बसायचं काम मिळालं, अजून तेच करतो.

मोघ्यांनी ती वही मिटली ती मिटलीच. मामाला त्यांनी सगळं कबूल करणारं पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. मी समजूत घालायला गेले, की अहो, त्यानेच गळ घातली होती ना? तर म्हणाले, “बाई, तो पोरगा होता. मागणं त्याचं काम होतं, नाही म्हणणं माझं.” दर शनिवारी दुपारी ते डीटरकडे जाऊन त्याच्या खांद्याला तेल चोळत. त्यांच्या आई पुण्याहून औषधी तेलाच्या बाटल्या पाठवायच्या, लेकाच्या सांध्यांसाठी, त्या सगळ्या तिकडे खर्ची पडायच्या. डीटर तेलाच्या वासाला नाक मुरडायचा आणि बसून राहायचा. त्याच्या मनात मोघ्यांविषयी राग कधीच नव्हता. असता तर मोघ्यांना सोपं गेलं असतं.

आता खरं सांगायचं ते. तीन वर्षांपूर्वी मोघ्यांच्या पायांना सूज यायला लागली. मीच मागे लागून त्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, झडप आकसत चालली आहे, हल्ली शस्त्रक्रिया होते, धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे, वेळ घालवू नका, घरच्यांना बोलावून घ्या. परतताना ट्राममध्ये मोघे खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आईला नाही कळवायचं. विधवा बाई, एकुलता एक मुलगा, ऑपरेशन शब्द वाचूनच ती जाईल. जरा बरं वाटू दे, मग स्वतः जाऊन सांगतो. तुम्हाला शपथ आहे.” आणि मी, ज्या बाईने तो अहवाल टाइप केला होता आणि त्याचं काय झालं ते उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं, ती मी, म्हणाले, “बरं.” कपाळ माझं! मोघ्यांच्या आई, काकू, मलाही पत्रं लिहायच्या, सदाची तब्येत कशी आहे, खातो का नीट. मी तीन वर्षं मूग गिळून उत्तरं दिली. मोघे मजेत आहेत. वजनही वाढलंय म्हणून लिहिलं एकदा. ती सूज होती.

अंत्यसंस्काराला आम्ही सात-आठजण होतो. नंतर डीटर खोली आवरायला मदत करायला आला. कपाटावरची बॅग त्याने डाव्या हाताने खाली घेतली. तिच्यामागे औषधांच्या पुड्यांचा ढीग होता, कितीतरी न उघडलेल्या. तो त्यातली एक हातात घेऊन नाव वाचत राहिला. “ते आजारी होते?” त्याने विचारलं. मी म्हटलं, हो. “तुम्हाला माहीत होतं?” हो. “हं...” असं म्हणून तो पलंगाच्या कडेला बसला. हातातली पुडी उलटसुलट करत म्हणाला, “फ्रॉइलाइन, तुम्ही त्यांना नाही म्हणायला हवं होतं.” आवाजात राग नव्हता. मी मोघ्यांचे शर्ट घडी करत होते, ते करत राहिले, आणि तेव्हा पहिल्यांदा मला रडू फुटलं, ते थांबेचना.

काकूंचं पत्र मागच्या आठवड्यात आलं. शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलेलं. ‘तू तिथे होतीस एवढंच समाधान. शेवटच्या पत्रात तो मजेत आहे असंच होतं. इतकं अचानक कसं गं झालं? त्याला काही होत तर नव्हतं ना?’ चार दिवस ते पत्र टेबलावर होतं. लोक सांगतात, आता कशाला, म्हातारीला उगाच दुःख. असंच सांगतात आपल्याकडे. पण ‘अचानक’ म्हणाले असते तर मी त्या बाईला आणखी एक अहवाल टाइप करून धाडल्यासारखं झालं असतं. शिवाय तिला हेही कळायला हवं होतं, की तिचं तेल कुठे जात होतं आणि का. परवा मी उत्तर लिहिलं, आणि वरती सर्व क्षेम न लिहिता सरळ सुरुवात केली. हा लेख छापून येईल तोवर ते त्यांनी वाचून घेतलेलं असेल. त्या मला क्षमा करतील की नाही मला माहीत नाही. करू नये असंही कधी कधी वाटतं.

मोघ्यांच्या खोलीत आता दुसरा कुणी विद्यार्थी राहायला येतोय. मी चौथ्या मजल्यावर आहे तशीच आहे. संध्याकाळी कामावरून आले की दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर माझे पाय आपोआप थांबतात. का थांबतात ते काकूंच्या पत्राच्या शेवटी लिहिलं आहे:

‘काकू, आमच्या जिन्याला दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी आहे. मोघे रोज जिना चढताना कठडा धरून तिथे थांबायचे. म्हणायचे, बाई, जरा बाहेर बघू या. आधी मिनिटभर, मग दोन, या हिवाळ्यात पाच-पाच मिनिटं. त्या खिडकीतून काहीसुद्धा दिसत नाही. हातभर अंतरावर शेजारच्या घराची कोरी भिंत आहे. ती भिंत मी तीन वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून, काही न बोलता, बघत आले.’